घामाचा रुमाल

"गुरुवारी तुमचा माणूस निघतोय, बाई," कबरस्तानाच्या ऑफिसातली पोरगी फोनवर म्हणाली, जसा काही तो क्रीटच्या बोटीनं निघणार होता. "येताना तांबडी वाइन आणा आणि एक पांढरी चादर. डबा घेतलाय ना?" मी "बरं" म्हटलं, गॅसवाल्याला म्हणतात तसं, आणि फोन ठेवला. माझ्या एका हातात अर्धवट साफ केलेला मासा तसाच होता आणि फोनला सगळे खवले चिकटले होते. डोक्यात थ्रासोस लगेच म्हणाला, 'फोन वाजला की आधी हात धुवायचे असतात, आसिमो.' तो वारला त्याला तीन वर्षं होत आली, पण बोलायचा काही थांबला नव्हता. भाजीत मीठ जास्त पडलं की बोलायचा, बातम्यांत मंत्र्यानं चुकीचं काही सांगितलं की बोलायचा, मी शेजारणीला थाप मारली की जिन्यातच अडवायचा. जिवंतपणी तो मला दिवसभर सुधारत असे तेव्हा मी कंटाळून रेडिओ मोठा करायची. आता रेडिओ लावतच नाही, त्याचा आवाज दबेल म्हणून. पिरेयसमध्ये जिवंत माणसाला गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथं मेलेल्याला कायमची कोण देणार? तीन वर्षं मातीत, मग वर काढायचं, हाडं वाइननं धुवायची, डब्यात भरायची, डबा फळीवर. सगळ्यांचंच होतं, माझ्या आईबापांचंही झालं, मी स्वतः धुतलेत ते. त्याची भीती नव्हती. भीती वाटत होती ती खालच्या मजल्यावरच्या लेमोनियाच्या बोलण्याची. तिच्या नवऱ्याला डब्यात घालून ती आली होती त्या दिवशी जिन्यात भेटली आणि म्हणाली, "एकदा डब्यात गेले ना, की गप्प होतात बघ. माझा तर स्वप्नातसुद्धा फिरकला नाही परत. बरं असतं गं ते. झोप लागते." मला झोप नको होती. गुरुवारपर्यंत मी त्या मेलेल्या माणसाला एकसारखी चुका करून दाखवत होते, कॉफीत साखर दोनदा घालत होते, कॅलेंडरचं पान पुढचंच फाडत होते, आणि तो प्रत्येक वेळी बोलला की जरा जिवात जीव यायचा.

थ्रासोस शाळेत धर्म शिकवायचा. धर्माच्या तासाला पोरं भूमितीचा गृहपाठ करतात हे आपल्या सगळ्या देशाला माहीत आहे, पण त्याच्या तासाला करत नसत, कारण पहिल्या बाकावर घाम उडायचा. इतका घामाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जानेवारीत, खिडक्या उघड्या, बाहेर बंदरावरून वारं सुटलेलं, आणि हा फळ्याजवळ निथळतोय. पोरांनी त्याला 'कारंजं' नाव ठेवलं होतं. माझ्याशी लग्नाचं बोलायला आला तेव्हा आम्ही कास्तेलाच्या उतारावर एका बाकावर बसलो होतो, आणि विचारायच्या आधीच त्याचे तीन रुमाल भिजून झाले होते. तिसरा पिळून त्यानं बाकाच्या पाठीवर वाळत घातला आणि म्हणाला, "मी असा आहे, आसिमो. हे उन्हामुळे नाही. हे असंच राहणार." मी हसले आणि हो म्हटलं. पुढं चाळीस वर्षं मी रुमाल धुतले, वाळवले, इस्त्री केले. आमच्या गच्चीवर रोज एवढे पांढरे रुमाल फडफडायचे, की समोरच्या इमारतीतला म्हातारा खलाशी म्हणायचा, "काय बाई, शरण येताय का कुणाला?"

आणि नेमका त्या शब्दावर त्याचा जीव. सुदारिओन. शुभवर्तमानात रिकाम्या कबरीत शिष्य वाकून बघतो, तेव्हा तागाची कापडं एकीकडे पडलेली असतात आणि डोक्याचं फडकं निराळं, एका बाजूला गुंडाळून ठेवलेलं असतं, त्या फडक्याचं नाव. आपली ग्रीक भाषा, आपलीच अक्षरं, म्हणून रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्यालाही वाटतं की आपल्याला शुभवर्तमान कळतंच. थ्रासोस म्हणायचा, "आजीचे कपडे घालून फिरतात आणि म्हणतात मापाला बसले." सुदारिओन म्हणजे काय? घाम पुसायचा रुमाल. बस. शब्दसुद्धा आपला नाही, रोमन शिपायांकडून उचललेला, त्यांच्या घामाच्या शब्दावरून. आळशी चाकर मालकाचे पैसे गुंडाळून ठेवतो ते हेच फडकं. लाजरस कबरीतून चालत येतो तेव्हा तोंडाला बांधलेलं असतं तेही हेच. पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल लोक आजाऱ्यांच्या अंगावर नेऊन टाकायचे, तेही हेच. कामकरी माणसाच्या कमरेला, मानेला असतं ते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण मला खरंच झोपेतून उठवून सांगितलेलं आहे.

भांडण सुरू झालं ते आमच्या पाद्र्यामुळे, पापा-कोझ्मासमुळे. माणूस वाईट नाही. फक्त त्याला कुणीतरी स्मार्टफोन दिला. एका ईस्टरला वेदीपुढं उभा राहून तो गोड आवाजात सांगायला लागला, की त्या काळी मालक जेवायला बसायचा, आणि जेवण संपलं की हात पुसायचा रुमाल चुरगाळून टाकायचा. पण मध्येच उठून गेला आणि परत यायचं असलं, तर घडी घालून ठेवायचा. चाकर ती घडी बघून ताट उचलत नसे. "माझ्या मुलांनो, प्रभूनं रुमालाची घडी घातली, म्हणजे तो काय म्हणाला? मी परत येतोय." सगळं देऊळ हुंदके द्यायला लागलं. माझी नणंद एरिफिली तर एवढी रडली, की तिच्या मेणबत्तीनं पुढच्या बाईच्या फरच्या कॉलरला आग लागली. आणि कॉलर विझते न विझते तोच अंगणात थ्रासोस पाद्र्यासमोर उभा, घामानं चिंब. "कुठं लिहिलंय हे, पापा? कुठल्या जुन्या पुस्तकात? कुठल्या मालकाचं ताट? जेवणाचा रुमाल नाही तो. आणि घडी घातलेला पण नाही, गुंडाळलेला आहे. घडी तुमच्या फोननं घातली." पाद्री म्हणाला, "अहो मास्तर, लोकांना बरं वाटतं." थ्रासोस म्हणाला, "बरं वाटायला रस्त्यापलीकडे औषधाचं दुकान आहे." एरिफिली आपल्याच भावाशी वर्षभर बोलली नाही. तिला ती गोष्ट हवी होती, नवरा गेलेला, मुलगा स्टुटगार्टला. हवी कुणाला नसते? घरी येताना मीच त्याला म्हटलं, "काय बिघडलं असतं रे, परत येतो म्हटलं तर?" त्यानं चढावर थांबून कपाळ पुसलं. मग म्हणाला, "त्या फडक्यावर परत येतो असं काहीही लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलंय, की त्याला घाम यायचा. मला तेवढं पुरतं, आसिमो. घाम न येणाऱ्या देवाचं मी काय करू?"

तो गेला तोही घामातच. ऑगस्ट महिना, लिफ्ट बंद, आणि हा कलिंगड घेऊन निघाला पाचव्या मजल्यावर. लेमोनियानं आपल्या दारातूनच वर हाक मारली आणि म्हणाली, "आसिमो, तुमचं कलिंगड माझ्या दारात आलंय." गडगडत आलं होतं, फुटलं नव्हतं. मी हसत बाहेर आले, की आता त्याला चांगला टोमणा मारता येईल. आमच्याच खालच्या वळणावर तो भिंतीला टेकून बसला होता, हातात रुमाल, आणि कपाळ आयुष्यात पहिल्यांदा कोरडं.

मर्तिकाचं सामान करणारा माणूस शिस्तीचा होता. बसायच्या आधीच बजावलं त्यानं, "सगळं सुती नाहीतर लोकरी द्या. नायलॉन-बियलॉन नको. विरघळत नाही माणूस, मग तीन वर्षांनी पुन्हा पुरावा लागतो आणि लोक काय वाटेल ते बोलतात." म्हणून मी चष्मा लावून त्याच्या प्रत्येक कपड्याची आतली चिठ्ठी वाचली. कोट, पँट, मोजे, बनियनसुद्धा. जो विरघळला नाही त्याला कुणाचा तरी शाप लागलाय असं आपल्यात म्हणतात, आणि ज्यांचा शाप लागेल अशी निम्मी शाळा होती. तोंडावर ठेवायच्या फडक्याची पाळी आली तेव्हा एरिफिलीनं ड्रॉवरमधून तिनं स्टुटगार्टहून आणलेला, निळ्या काठाचा रुमाल काढला. "हा माझा ठेव गं. त्यानं कधी वापरला नाही." वापरला नव्हता, कारण तो घाम टिपायचा नाही, नुसता पसरवायचा. मी घेतला आणि ठेवला. तिच्याशी भांडायला जोर नव्हता. इस्त्री न करताही इतका सरळ राहतो तो रुमाल कशाचा असेल, हे एवढ्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. नंतर आलं. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला, मध्येच. तेव्हापासून त्याच्या तोंडावरचं ते प्लास्टिक माझ्या छातीवर होतं.

गुरुवारी सकाळी एरिफिली काठी टेकत आली, तिच्या उजव्या गुडघ्यानं गेल्या हिवाळ्यापासून संप पुकारलाय. मी वाइन आणली होती, तिनंही आणली होती, आणि ऑफिसातल्या पोरीनं तिसरी बाटली पुढं केली, कुणाची तरी उरलेली. पापा-कोझ्मास उशिरा आला, कारण त्याला एकाच वेळी दोन हाडं आणि एक बारसं होतं. डब्यावरच्या पट्टीवर नवऱ्याचं अख्खं नाव मावलं नव्हतं, 'थ्रासो.' एवढंच कोरून टिंब दिलं होतं. 'टिंब,' थ्रासोस डोक्यात म्हणाला. 'चाळीस वर्षं मी पोरांना सांगितलं, पूर्ण लिहा.' मला इतकं बरं वाटलं की मी खणणाऱ्या आग्रोनकडे बघून हसले. आग्रोन अल्बेनियाचा, लांबोडा, अबोल माणूस. त्यानं फावडं बाजूला ठेवलं आणि खड्ड्यात उतरून हातानं माती काढायला लागला. लाकूड कधीच कुजलेलं होतं. मी चादरीचं टोक मुठीत धरून उभी होते. विरघळला नसला तर? त्या फडक्याखाली तोंड तसंच असलं तर? पुन्हा पुरायचा, पुन्हा तीन वर्षं. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनाचा एक कोपरा म्हणाला, असू दे. म्हणजे तीन वर्षं आणखी बोलेल.

"मस्त विरघळलाय," आग्रोन खालून म्हणाला, फळवाला फळ दाबून सांगतो तसा. "हाडं पिवळीधमक. चांगला माणूस होता." आणि त्यानं आधी डोकं वर दिलं, तसंच असतं, सगळ्यांत जवळच्या माणसाच्या हातात. तोंडावर काहीच नव्हतं. इतकं हलकं. या डोक्याला खांदा देऊन देऊन माझा डावा खांदा उतरलाय असं मी डॉक्टरला सांगायची, आणि आता ते दोन्ही हातांत धरलं तर हात वर वर जायला लागले. तेवढ्यात आग्रोन थांबला. पायाकडच्या कोपऱ्यातून त्यानं काहीतरी उचललं, झटकलं. रुमाल. पांढरा, काठ तसाच निळा, एकही धागा गेलेला नाही. सगळ्यांपासून निराळा, एका बाजूला, आणि गुंडाळलेला.

मग एरिफिलीची काठी पडली आणि ती मातीत गुडघ्यांवर बसली, जो गुडघा खुर्चीत बसतानासुद्धा वाकत नाही त्यावर. "पापा," ती म्हणाली, "पापा, बघा हो. निराळा ठेवलाय. घडी घातलीय माझ्या भावानं." पापा-कोझ्मासचा चेहरा पांढराफटक. फोनवरची गोष्ट प्रत्यक्षात निघाली तर माणूस घाबरणारच. त्यानं क्रूसाची खूण केली, मग दुसऱ्यांदा केली. शेजारच्या कबरीला पाणी घालणाऱ्या दोन बाया येऊन वाकून बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "कोण होते हे?" आणि एरिफिली म्हणाली, "धर्माचे मास्तर. शुभवर्तमान तोंडपाठ." "मग बरोबर आहे," ती बाई म्हणाली. "मला एक दोरा द्या हो त्याचा, जावयासाठी."

आणि मी? माझ्या हातात त्याचं डोकं होतं. येतोय. परत येतोय. तो इतका भांडला ना या गोष्टीशी, मग तिथं खाली जाऊन बघितलं असेल, कळलं असेल की आपलंच चुकलं, आणि हट्टी माणूस, तोंडानं कबूल करणार नाही, म्हणून हे असं करून ठेवलं असेल माझ्यासाठी. एवढं सगळं मला एका श्वासात वाटलं. तीन वर्षांत मी एवढी सुखात नव्हते. मग तो बोलला, अगदी स्पष्ट, थोडा वैतागून, फळ्याजवळून बोलायचा तसा. 'पाणी, आसिमो. पॉलिएस्टर कुजत नाही, वाहून जातं. सांग त्यांना.'

मी आग्रोनला विचारलं, "खाली पाणी साचतं का हो?" "साचतं ना. हिवाळ्यात भरतं," तो म्हणाला. "हलकं असतं ते फिरतं. परवा एका आजोबांची कवळी पायाशी निघाली." मग मी एरिफिलीकडे वळले आणि सगळं सांगितलं. पाणी, पॉलिएस्टर, घाम पुसायचा रुमाल, जेवणाचा नाही, घडी नाही, मालक नाही, ताट नाही. रोमन शिपायांपर्यंत गेले. त्याचे शब्द, त्याच्याच क्रमानं, एकही न गाळता. पाण्यावाल्या बाया झाऱ्या उचलून निघून गेल्या. एरिफिलीनं मातीतून वर बघितलं. "झालं?" ती म्हणाली. "आता बरं वाटलं तुला? तुला तो रोज होता, आसिमो. सकाळ-संध्याकाळ. मला काय होतं? नाताळला दोन तास, आणि त्यातही मी काय चुकीचं बोलले तेच सांगायचा. आज पहिल्यांदा मला काहीतरी बरं म्हणाला होता. तेवढंही ठेवलं नाहीस." मी आग्रोनच्या हातातून रुमाल घेतला आणि तिला दिला. "घे. तूच दिलेला आहे." तिनं नाक पुसलं, त्याला नाही, बाहीला, आणि रुमाल ब्लाउजमध्ये खोचला.

मग आम्ही दोघींनी धुतलं त्याला. आधी पाण्यानं, मग वाइननं, तिन्ही बाटल्या. ती बरगड्या धरत होती, मी हातांची हाडं. कपाळ मी शेवटी धुतलं. डब्यात मांडीची हाडं तिरकी ठेवावी लागली, उंच होता. पाद्र्यानं प्रार्थना घाईत म्हटली, बारसं खोळंबलं होतं, पण कॉफीला थांबला. फाटकाजवळच्या खोलीत कॉफी आणि ब्रँडी मिळते, कडक टोस्ट मिळतात. आम्ही बसलो, पाद्री, एरिफिली, मी, आणि हात धुऊन आलेला आग्रोन. मी पहिला घोट घेतला आणि कॉफी अति गोड होती. मला साखर चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि अशी कॉफी परत पाठवायची असते हे त्यानं मला हजारदा सांगितलंय. मी पूर्ण प्याला प्यायले. काही नाही. टोस्ट बुडवून खाल्ला, चार लोकांत, बोटांनी. काही नाही. मला वाटलं दमला असेल. आजचा दिवसच तसा.

एरिफिली संडासला म्हणून उठली आणि परत आली तेव्हा स्टॉकिंगखालून गुडघ्याला निळा काठ दिसत होता. काठी टेबलाला टेकलेली राहिली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्यासुद्धा. मग पाद्र्याच्या आलं आणि त्याचा प्याला हवेतच थांबला. "एरिफिली," तो हळूच म्हणाला, "तुम्ही चालत आलात." ती काठीकडे बघायला लागली. मग माझ्याकडे, भीत भीत, मी आता काय सांगणार म्हणून. त्या क्षणी तो बोलायला हवा होता. याच्यापेक्षा मोठी संधी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. मी ऐकत होते. कॉफीचं मशीन वाफ सोडत होतं, बाहेर कुणीतरी पाण्याचा पाइप ओढत नेत होतं. मी दिवसभर ऐकलं असतं.

"घडी घातलेली होती," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, आग्रोननं मान वर केली. "मी सगळ्यांत जवळ होते, मी पाहिलं. नीट घडी होती, चार पदरी. जेवणाचा रुमाल तो. जुन्या काळी मालक अशीच घालायचे, सगळ्या पुस्तकांत आहे. सुदारिओन म्हणजे तेच. घामाबिमाशी काही संबंध नाही." मी आणखी काय काय सांगितलं. रेशमी असायचा म्हणाले. शब्द शुद्ध आपला आहे म्हणाले, होमरच्याही आधीचा. जेवढं म्हणून चुकीचं मला माहीत होतं ते सगळं एकामागून एक टेबलावर मांडलं आणि प्रत्येकानंतर थोडी थांबले. एरिफिलीनं माझा हात धरला, तिचे ओठ हलत होते. पापा-कोझ्मास पुढं वाकला आणि म्हणाला, "हे रविवारी सांगितलं तर चालेल का, बाई? मास्तरांचं नाव घेऊन?"

"सांगा," मी म्हटलं. "घडी घातली म्हणजे परत येतो."

पाद्री मान डोलवत होता. आग्रोन टोस्ट खात होता. त्या खोलीत मला कुणीही चूक म्हटलं नाही.